चाकू मिटल्यावर

औषधांच्या दुकानातल्या पोरीने नाव विचारलं आणि मी आईचं नाव सांगितलं. इर्मा काल्मेल. पोरीने ते यंत्रात टाकलं, मान हलवली, म्हणाली, ‘‘या नावावर काही दिसत नाही, बाई.’’ मी म्हणाले, ‘‘असं कसं दिसत नाही? दर महिन्याला नेते की मी.’’ मागे रांग होती, कुणीतरी खाकरलं. पोरगी बिचारी पुन्हा शोधू लागली आणि तेव्हा कुठे मला कळलं, आपण काय बोलून बसलोय ते. मग मी माझं नाव सांगितलं, ओदिल, तिने गोळ्या पुढे केल्या आणि मी बाहेर आले. झालं ते एवढंच. तुलूझसारख्या शहरात दिवसभरात माणसं याहून भलभलतं बोलत असतील. पण मला घरापर्यंत चालवेना. नदीकाठच्या बाकावर जाऊन बसले. रडू वगैरे काही आलं नाही. नुसता थकवा आला, बाजारातून जड पिशव्या घेऊन जिने चढल्यावर दारात येतो तसला, आणि तो गेलाच नाही. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या रविवारी गावच्या चर्चमध्ये तिची वर्षाची प्रार्थना होती, आणि प्रार्थनेनंतर, आमच्याकडे करतात तसं, सगळ्या घराने मार्तीनच्या खाणावळीत जेवायचं होतं. त्या जेवणात मी बाबांना सांगायचं होतं की मी कायमची गावी येतेय, त्यांना सांभाळायला.

मी ‘हो’ म्हटलं नव्हतं. हे मी स्वतःला पुनःपुन्हा बजावत होते, जसं काही त्याने फरक पडणार होता. माझा धाकटा भाऊ रेजी बोर्दोला असतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. आई गेल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने फोनवर विषय काढला. ‘‘ताई, तू तशीही पुढच्या वर्षी निवृत्त होणार.’’ मी म्हणाले, ‘‘होणार.’’ ‘‘बाबा एकटे.’’ मी म्हणाले, ‘‘हो, एकटे.’’ ‘‘घर मोठं आहे.’’ तेही खरंच होतं. अशी मी एकेका खऱ्या गोष्टीला मान डोलवत गेले, आणि शेवटी बघते तर सगळं ठरून मोकळं. डोंगरातल्या आमच्या पठारावर बिनलग्नाच्या मुलीला कुणी विचारत नाही. तिने ‘नाही’ म्हटलं नाही, म्हणजे ‘हो’. आणि ‘नाही’ म्हणायला तिला कुणी जागाच ठेवत नाही, कारण प्रश्नच कुणी विचारलेला नसतो. महिनाअखेरीला चष्म्याच्या दुकानातलं माझं काम संपणार होतं. आयुष्यभर मी लोकांच्या नाकावर चष्मे बसवले, कानामागची काडी वाकवून दिली, ‘‘आता बघा बरं, दिसतंय?’’ म्हणत राहिले. आता उरलेलं आयुष्य त्या घरात, त्या चुलीपाशी. शेजारीण म्हणाली, ‘‘किती छान, डोंगरातली हवा.’’ दुरून डोंगर साजरे. तिला तिथला जानेवारी माहीत नाही.

रविवारी सकाळी मी गाडी काढली. पठारावर धुकं होतं. चर्च बर्फासारखं गार, आणि पाद्रीबाबांना आजूबाजूच्या सगळ्या गावांत धावायचं असल्यामुळे ते घाईत होते. आईचं नाव त्यांनी आणखी दोन मृतांच्या नावांसोबत एका दमात घेतलं. बाबा माझ्या शेजारी बसले होते, टोपी गुडघ्यावर. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, खांदे अजून बैलासारखे, पण गुडघे गेलेले. प्रार्थनेच्या वेळी उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. धरला नाही, नुसता टेकवला, कठड्यावर टेकवावा तसा. मला वाटलं, सुरू झालं. मला त्यांची दया यायला हवी होती, आली नाही. मी मनात हिशेब करत राहिले की हा हात आता रोज उठताना, रोज बसताना. पलीकडे रेजी, आणि त्याची बायको मिरेय, तिने काळ्या कोटावर छानसा रुमाल बांधला होता. ती सारखी वर छताकडे बघत होती, तिथे ओल होती म्हणून असेल.

खाणावळीत शिरलं की प्रथम ऊब लागते, मग सूपाचा वास, मग मार्तीनची जीभ. आम्ही दोघी एका बाकावर शिकलो. मी गाव सोडलं, ती राहिली, आणि तिच्या आईनंतर खाणावळ तिने घेतली. ‘‘काय गं ओदिल,’’ तिने माझे दोन्ही गाल आपल्या गालांना लावले. ‘‘किती वाळलीस! शहरात खायला घालत नाहीत वाटतं?’’ ‘‘घालतात, पण तुझ्यासारखं बळंच नाही घालत.’’ बाबा खुर्चीत टेकत म्हणाले, ‘‘मार्तीन, सूप गार आणलंस तर तुझ्या आईला सांगेन.’’ ‘‘आईला वर जाऊन किती वर्षं झाली, काका.’’ ‘‘मग काय, लवकरच भेटून सांगतो.’’ ती हसली, रेजी हसला, मिरेयने ‘‘असं बोलू नये हो बाबा’’ म्हटलं. बाबांनी खिशातून आपला चाकू काढला, शिंगाच्या मुठीचा, अंगठ्याने उघडला आणि ताटाच्या उजव्या बाजूला ठेवला. टेबलावरच्या खाणावळीच्या सुऱ्यांना आमच्याकडचे म्हातारे हात लावत नाहीत. आणि मार्तीन सूपाचं मोठं झाकणाचं भांडं घेऊन आली, टेबलाभोवती एक वळसा घेतला आणि ते माझ्यासमोर ठेवलं. पळी भांड्यात, पळीचा दांडा माझ्याकडे.

ज्याला माहीत नाही त्याला यात काही दिसणार नाही. या खाणावळीत सूप वाढत नाहीत, भांडंच आणून ठेवतात, आणि ते ठेवतात त्या घरच्या बाईपुढे. मग तिने सगळ्यांना वाढायचं. ही अशी बारीकशी रीत, कुणी कुणाला शिकवत नाही. आई होती तोवर भांडं आईपुढे. गेल्या वर्षी, दफनाच्या दिवशी, मार्तीनने स्वतः वाढलं होतं, कारण तेव्हा घराला बाई नव्हती. आज तिने मिरेयपुढे ठेवलं असतं तर चाललं असतं, लग्नाची सून आहे ती. पण मार्तीनला कळलं होतं. म्हणजे गावाला कळलं होतं. म्हणजे बेकरीत, टपालात, चर्चच्या पायरीवर माझं ठरून गेलं होतं, आणि मी अजून मनातल्या मनात ‘मी हो म्हटलेलं नाही’ करत बसले होते. आणि गंमत बघा, माझा हात थांबला नाही. मी झाकण काढलं, बाबांच्या थाळीत दोन पळ्या, पावाचा भिजलेला तुकडा वर येईल असं बेताने, मग रेजीला, मग मिरेयला. पळी धरलेलं मनगट माझं नव्हतंच, ते वळत होतं आईसारखं, शेवटचा थेंब भांड्याच्या काठाला पुसून. सगळ्यांना वाढून झालं आणि ते खायलाही लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उभी आहे.

लहानपणी मला वाटायचं की आयांचे गुडघे वाकत नसतात. चर्चमध्ये आई गुडघे टेकायची ते मी बघत होते, तरी वाटायचं. घरी बाबा आणि आजोबा आणि कापणीची माणसं लांब टेबलाला बसायची आणि आई चुलीपाशी उभी, ताटली फडताळावर, एक घास स्वतः, मग कुणाला पाव, कुणाला दारू, पुन्हा एक घास. आजीही तशीच उभी असायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे, त्या दोघींनाही नसावं. मला वाटायला लागलं ते शहरात आल्यावर, दुकानातल्या बायका दुपारी पाय पसरून बसून खाताना बघून. आई वर्षातून दोनतीनदाच बसून जेवायची, आणि ते इथे, या खाणावळीत. तेही खुर्चीच्या कडेवर, पर्स मांडीत, जसं काही गाडी सुटणार आहे. थाळ्या संपल्या की ती त्या एकावर एक रचायची आणि मार्तीनची आई स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘‘इर्मा, ठेव ते खाली! इथे तू पाहुणी आहेस.’’ आई लाजून थाळ्या ठेवायची आणि लगेच टेबलावरचे पावाचे कण तळहातात गोळा करायला लागायची. तिला पाहुणी होता यायचं नाही. मला तिचा राग यायचा. खरं सांगायचं तर तिच्यावर प्रेम करण्यापेक्षा तिच्यावर रागावण्यात माझी जास्त वर्षं गेली.

मी बसले. भांड्याच्या तळाला माझ्यापुरतं उरलं होतं. बाबांनी तळाच्या सूपात लाल दारू ओतली, थाळी दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावली. मिरेय खिडकीकडे बघायला लागली. इतक्या वर्षांनीही तिला हे बघवत नाही. रेजीने घसा खाकरून साफ केला. आता येणार, मला वाटलं. पण मार्तीन आलिगोचं तांब्याचं भांडं घेऊन आली, बटाटा आणि ताजं चीज घोटून घोटून केलेलं, आणि लाकडी पळीने ते वर ओढलं. त्याची दोरी तिच्या डोक्यापर्यंत गेली. ‘‘ओढ, ओढ,’’ बाबा म्हणाले, ‘‘छताला लाव.’’ ‘‘तुमच्या नाकाला लावीन.’’ ‘‘लाव की, एवढी जागा आहे.’’ बाबा खूश होते. या एका जागी ते बोलतात. घरात त्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी. मी विचार करत होते, घरात फक्त मी आणि ते, चुलीचा आवाज आणि घड्याळ, आणि मी विचारणार, ‘‘बाबा, सूप देऊ?’’ आणि ते म्हणणार ‘‘हं.’’ त्यांचं ‘हं’ मला चांगलं माहीत आहे. त्यात हो असतं, नाही असतं, आणि बाहेर पाऊस आहे हेही असतं. आईला त्यातलं सगळं कळायचं. मला ते शिकावं लागेल. या वयात मी एका माणसाचं ‘हं’ शिकणार.

‘‘तर बाबा,’’ रेजी म्हणाला. ‘‘ताईला तुम्हाला काही सांगायचंय.’’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबा सोडून. ते मांसाचा तुकडा कापत होते, चाकूने, आपल्याकडे ओढून. मी म्हणाले, ‘‘आधी जेवू दे ना त्यांना.’’ ‘‘अगं, चांगली बातमी आहे, लपवायची कशाला?’’ आणि मग त्यानेच सांगून टाकलं. पुढच्या महिन्यात ताई येतेय. कायमची. वरची खोली तिला, भिंतीला नवा रंग लावू, ती गाडी चालवते त्यामुळे डॉक्टर, बाजार, सगळी सोय. खिडक्या उघड्या राहतील. ‘‘गावात बंद खिडक्यांची घरं काय कमी झालीत? आपलं त्यात नको.’’ रेजी हे मनापासून म्हणत होता. तो वाईट नाही. बोर्दोमध्ये बसून त्याला रात्री झोप लागायला हवी, म्हणून इथे कुणीतरी दिवा लावायला हवा, आणि ते कुणीतरी म्हणजे मी, इतकं साधं. मिरेय म्हणाली, ‘‘तुमचं बरं आहे बाई, ताई. ना नवरा, ना पोरं. बॅग उचलली की झालं.’’ मी म्हणाले, ‘‘हो ना. बॅगही माझीच, उचलणारीही मीच.’’ ती हसली, तिला ते विनोदाचं वाटलं. बाबांनी घास चावला, गिळला. ‘‘हं,’’ म्हणाले. एवढंच. मी त्या ‘हं’मध्ये काय आहे ते शोधत राहिले. मला त्यात हक्क दिसला. दावणीला बांधलेलं जनावर संध्याकाळी घरी येणारच, त्याचं कौतुक काय करायचं, तसलं ‘हं’.

मिरेय पडद्यांविषयी बोलत होती आणि मी तुलूझच्या माझ्या खोलीत होते. दोन खिडक्या, एक मागच्या अंगणावर. तिथे मी संध्याकाळी मोजे काढून पाय खुर्चीवर टाकते, आणि कुणालाही काही नको असतं. पूर्वी एक माणूस यायचा, पास्काल, मंगळवारी आणि शुक्रवारी, मग तो यायचा थांबला. काही भांडण झालं नाही. मी पुढचे कित्येक मंगळवार भाजी जास्त आणत राहिले आणि मग तीही सवय गेली. असं आयुष्य सोडवत नाही म्हणावं असं त्यात काय आहे, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. रेडिओ आहे. रविवारी सकाळी अंथरुणात कॉफी आहे. खालच्या मजल्यावरचा मुलगा पियानोवर एकच धून चुकत चुकत वाजवतो. हे काय बाबांच्या गुडघ्यांपुढे ठेवण्यासारखं आहे? म्हणून मी ते कधी ठेवलंच नाही. पण तिथे बसलेली असताना, पडद्यांचा रंग चाललेला असताना, मला त्या खुर्चीची, त्या पाय टाकायच्या खुर्चीची इतकी आठवण आली की डोळे भरले. मिरेयने माझ्या हातावर हात ठेवला. ‘‘आईंची आठवण आली ना?’’ मी मान हलवली. काय सांगणार, खुर्चीची आली म्हणून?

चीजचं ताट आलं. बाबांनी निळ्या बुरशीच्या चीजचा तुकडा कापला, चाकूच्या टोकानेच तोंडात घातला, पावाच्या तुकड्यावर पातं एकदा इकडून एकदा तिकडून पुसलं. आणि चाकू मिटला. खट्. फार मोठा आवाज नसतो तो, पण आमच्या घरात तो ऐकला नाही असं कुणी म्हटलेलं नाही. घरच्या कर्त्या पुरुषाने चाकू मिटला की जेवण संपलं. तोंडातला घास गिळायचा आणि उठायचं. आजोबा असताना त्यांचा चाकू, नंतर बाबांचा. कापणीच्या दिवसांत मजूर त्या आवाजाकडे कान लावून भराभर खायचे. आणि बाई, जी सगळ्यांना वाढून शेवटी ताटली घेते, तिचं जेवण नेहमी त्या आवाजाच्या पलीकडे राहायचं. इथे खाणावळीतही तेच. मार्तीनच्या आईला माहीत होतं, काल्मेलांच्या टेबलावर चाकू वाजला की कॉफी काउंटरवर द्यायची, उभ्या उभ्या. गोडाचं ताट आमच्या टेबलावर यायचं ते पोरांसाठी, आम्ही ते बाहेर पायरीवर बसून खायचो. तरंगतं बेट म्हणतात त्याला, दुधाच्या पिवळ्या गोड रश्शावर अंड्याच्या पांढऱ्याचा फुगलेला ढग, वर जळकी साखर. ‘‘आई, तुला?’’ ‘‘नको गं, मला गोड आवडत नाही.’’ मी ते खरं मानलं. दुकानात कुणी आईवडिलांच्या आवडीनिवडी काढल्या की मी सांगायचे, आमच्या आईला गोड मुळीच चालत नाही. मग ती इस्पितळात गेली, शेवटचे आठवडे, आणि तिथे दुपारी कस्टर्डची वाटी द्यायचे. ती वाटी ती चमच्याने खरवडून खरवडून खायची. मग शेजारच्या बाईची उरलेली मागायची. मी बघत बसायचे. मी म्हणाले, ‘‘आई, तुला गोड आवडत नाही ना?’’ ती म्हणाली, ‘‘कोण म्हणतं?’’

खट् झालं आणि सगळे उठले. रेजीने कोट घेतला, मिरेयने रुमाल सारखा केला, बाबांनी टेबलाची कड धरून स्वतःला वर ओढलं. मी उठले नाही. मी ठरवून केलं असं नाही. पाय उठलेच नाहीत. नदीकाठच्या बाकावर आला होता तो थकवा अजून माझ्यापाशी होता, आणि त्या क्षणी तो मला सोबतीसारखा वाटला. मी म्हणाले, ‘‘मार्तीन, तरंगतं बेट आहे?’’ मार्तीन काउंटरमागे कॉफीच्या कपांची रांग लावत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ‘‘आहे की.’’ ‘‘एक दे.’’ रेजी म्हणाला, ‘‘ताई, आईच्या कबरीवर जायचंय, फुलांच्या कुंड्या गाडीत आहेत.’’ ‘‘व्हा पुढे. मी येते.’’ ‘‘अगं पण बाबा उठलेत.’’ ‘‘दिसतंय मला.’’ मिरेयने त्याच्या बाहीला हात लावला आणि दोघं बाहेर गेली. दारातून गार हवा आत आली आणि दार बंद झालं. बाबा उभेच होते, टोपी डोक्यावर, एक हात खुर्चीच्या पाठीवर. मार्तीनने वाटी माझ्यासमोर ठेवली, चमचा ठेवला आणि आत निघून गेली. तिची जीभ गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

‘‘मी चाकू मिटला,’’ बाबा म्हणाले.

‘‘ऐकलं मी.’’

‘‘तुझी आई असं करत नसे.’’

‘‘माहितीये. म्हणून तर खातेय.’’ मी पहिला घास घेतला. साखर दातांखाली फुटली. बाबांना इतकं उलट मी कधी बोलले नव्हते, आणि आता एवढं बोललेच आहे तर उरलेलंही बोलून टाकावं, नाहीतर जन्मभर घशात राहील, असं वाटून मी वाटीकडे बघत म्हणाले, ‘‘बाबा, मी येणार नाही. राहायला. रेजीने परस्पर ठरवलं, मी गप्प बसले, चुकलं माझं. पण मला नाही जमणार. मी आई नाही.’’

मला वाटलं, आता ते पाठ फिरवून निघून जातील. ते तेच करतात. पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते बसले, आडवे, दाराकडे तोंड करून, पाय ताणून. मग म्हणाले, ‘‘रेजीला सांगितलंस?’’

‘‘नाही. आधी तुम्हाला सांगतेय.’’

‘‘हं.’’ आणि त्यांनी श्वास सोडला, ओझ्याची गोण खाली टाकल्यावर सोडतात तसा. ‘‘मग मी खोली उगाच सोडली.’’

‘‘कसली खोली?’’

‘‘खाली, तालुक्याच्या गावात. वृद्धाश्रमात. फेर्नां आहे ना तिथे.’’ फेर्नां म्हणजे त्यांचा पत्त्यांतला जुना जोडीदार, त्याचा मुलगा त्याला दोन वर्षांपूर्वी तिकडे घेऊन गेला होता. ‘‘उन्हाळ्यात जाऊन बघून आलो. बरं आहे. नदी दिसते खिडकीतून. दुपारी पत्ते असतात, चौथा भिडू मिळत नाही म्हणून बोंबलतात. मी हो म्हटलं होतं. सप्टेंबरात जायचं होतं.’’

‘‘मग?’’

‘‘मग रेजीचा फोन आला. म्हणाला, ताई निवृत्त होतेय, तिचं शहरात कुणी नाही, एकटी पडेल, तिला घरी येऊ दे, तिच्या हाताला काम राहील. ती स्वतःच सांगेल तुम्हाला.’’ त्यांनी बोटांनी टेबलावरचा पावाचा एक कण दाबून धरला. ‘‘मी काय, आज आहे उद्या नाही. चार वर्षं त्या घरात अजून काढली असती. थंडी वाजते आता तिथे. पण म्हटलं, पोरगी यायचं म्हणतेय. दार कसं लावायचं?’’

मी चमचा खाली ठेवला. वर्षभर मी जे ओझं डोक्यावर घेऊन फिरले, रात्रीची ज्याच्याखाली दबून जागी राहिले, ते माझ्या डोक्यावर यांनी ठेवलेलंच नव्हतं. हे स्वतःच माझ्यापायी ओझं घेऊन बसले होते. मला हसू यायला हवं होतं. सुटले, म्हणायला हवं होतं. आणि सुटलेही होते, पाठ खरोखरच हलकी झाली, पण त्याच वेळी आत कुठेतरी अपमान जोरात टोचला. मी यांच्यासाठी आयुष्य टाकायला निघाले होते आणि यांना पत्ते खेळायचे होते. यांना मी नको होते. यांनी मला चालवून घेतलं असतं, जशी मी यांना चालवून घेणार होते, आणि आम्ही दोघांनी त्या गार घरात एकमेकांवर उपकार करत करत म्हातारपण काढलं असतं. तेवढ्यात मला त्या टेबलावरच्या ‘हं’चा अर्थ लागला. त्यात हक्क नव्हता. नाइलाज होता.

‘‘मला विचारायचं ना, बाबा.’’

‘‘तू विचारलंस?’’

बाहेर गाडीचं दार वाजलं. मी म्हणाले, ‘‘ती खोली मिळेल पुन्हा?’’ ते म्हणाले, ‘‘विचारावं लागेल. मिळेल. तिथे खोल्या रिकाम्या होतच असतात.’’ आणि स्वतःच्याच बोलण्यावर थोडं हसले. मग पहिल्यांदा त्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं, जनावर विकत घेताना बघतात तसं, सावकाश, डोळ्यांपासून हातांपर्यंत. त्यांचे डोळे पाणावलेले होते, पण ते वयाने नेहमीच तसे असतात. ‘‘मला खरंच वाटलं,’’ ते म्हणाले, ‘‘तुलाच कुणीतरी हवंय.’’

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ते इतक्या घाईने म्हणाले की आम्हा दोघांनाही ते ऐकू आलं. बाबांनी मान डोलवली. विश्वास बसला नव्हता त्यांचा, पण बाजारात भाव मान्य करतात तसं त्यांनी ते मान्य केलं होतं. रेजीने दार ढकलून डोकं आत घातलं. ‘‘अहो, येताय ना? कुंड्या गारठल्या.’’ मी सवयीने उठायला लागले. हात वाटीकडे गेला, ती आत नेऊन ठेवायला, अर्धी भरलेली.

‘‘दार लाव, वारा येतोय,’’ बाबा रेजीला म्हणाले. मग त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

‘‘खा तू,’’ ते मला म्हणाले. ‘‘मी बसलोय.’’